तीन फेऱ्यांचा शेक: फुफ्फुसाच्या एसबीआरटीसाठी टीम कशी घडवायची

किरणोपचाराचं मशीन आलं. नारळ फुटला, पेढे वाटून झाले, कंपनीचा ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट आठवडाभर शिकवून गेला. पुढच्याच सोमवारी ट्रस्टी विचारतात, "मग एसबीआरटी कधी सुरू करायचं?" जिल्ह्याच्या ठिकाणी नवं कॅन्सर सेंटर उभं राहिलं की हा प्रश्न येतोच. एसबीआरटी म्हणजे छोट्या गाठीवर बाहेरून, मोजक्याच फेऱ्यांत, नेमका निशाणा धरून मोठा डोस देणारे किरणोपचार. मी मेडिकल फिजिसिस्ट (किरणांचा डोस मोजणारी, मशीन तपासणारी) आहे आणि माझं उत्तर ठरलेलं असतं: मशीन तयार आहे, माणसं नाहीत. चार महिने द्या.

त्या चार महिन्यांत काय करायचं, ते इथे लिहिते आहे. उदाहरण एकच घेतलंय, फुफ्फुसातल्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या छोट्या गाठीचं. एकाच वेळी लिव्हर, मणका, प्रोस्टेट असं सगळं शिकवायला घेऊ नका. एका अवयवात टीमचा हात बसला की पुढचे अवयव निम्म्या वेळात शिकून होतात.

पहिला आठवडा: गणित, आणि तेही सगळ्यांनी एकत्र

पहिल्या वर्गाला डॉक्टर, फिजिसिस्ट, मशीन चालवणारे टेक्नॉलॉजिस्ट, नर्स, मोल्ड रूमचा (रुग्णाला स्थिर ठेवणारे साचे बनवणारा) माणूस असे सगळे एकाच टेबलाशी बसतात. डॉक्टरांना वेगळं आणि टेक्नॉलॉजिस्टना वेगळं शिकवलं, तर आपण नक्की कशाला घाबरायचं हे दोघांच्या डोक्यात वेगवेगळं राहतं.

कागद-पेन द्या आणि हा हिशेब करायला लावा. नेहमीच्या पद्धतीत फुफ्फुसाला ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं एकक) डोस ३० फेऱ्यांत, म्हणजे रोज २ ग्रे. एसबीआरटीत ५४ ग्रे, पण ३ फेऱ्यांत, म्हणजे एका वेळी १८ ग्रे. गाठीवरचा जैविक परिणाम काढायचं साधं सूत्र: एकूण डोस गुणिले (१ अधिक एका वेळचा डोस भागिले १०). पहिल्या पद्धतीत ७२ येतात, दुसऱ्या पद्धतीत १५१. एकूण ग्रे कमी आणि मार दुप्पट. हे आकडे स्वतःच्या हाताने काढले की टेबलावर जी शांतता पसरते, तिथून खरं शिक्षण सुरू होतं.

मग दुसरा प्रश्न टाका. एके दिवशी निशाणा ५ मिलिमीटर चुकला तर? तीसमधली एक फेरी चुकली तर उरलेल्या एकोणतीस सांभाळून घेतात. तीनमधली एक चुकली तर एक तृतीयांश उपचार चुकला. शिवाय इथे डोस कड्यासारखा खाली कोसळतो. गाठीच्या कडेपासून साधारण २ सेंटिमीटरवर तो निम्म्याच्या आसपास आलेला असतो. त्यामुळे निशाणा सरकला की गाठ उपाशी राहते आणि शेजारचा भाग भाजतो, दोन्ही एकदमच.

पद्धतीचा इतिहास दहा मिनिटांत आटपा. डोक्यातल्या गाठींसाठी स्टॉकहोममध्ये लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली ही कल्पना मांडली. धडातल्या गाठींसाठी तिथल्याच कॅरोलिन्स्का रुग्णालयात १९९० च्या दशकात ती वापरली गेली. अमेरिकेतल्या आरटीओजी ०२३६ या अभ्यासाचे निकाल २०१० साली आले. ऑपरेशन करता न येणाऱ्या रुग्णांत, उपचार दिलेली गाठ तीन वर्षांनंतरही आटोक्यात असण्याचं प्रमाण त्यात सुमारे ९८ टक्के निघालं. एक खाच मात्र आवर्जून दाखवा. त्या अभ्यासाच्या कागदावर ३ फेऱ्यांत ६० ग्रे लिहिलेले दिसतात, कारण तेव्हाचं गणित फुफ्फुसातली हवा धरत नव्हतं. हवा धरून मोजलं की तोच डोस ५४ च्या आसपास येतो. आजच्या प्लॅनिंग सिस्टिमवर ६० टाकणाऱ्याने पेपर वाचलेला असतो, पण अर्धाच.

फिजिसिस्टचा अभ्यास वेगळा, आणि तो सगळ्यांत आधी

इतरांचा वर्ग चालू असतानाच फिजिसिस्टने छोट्या फील्डची (किरणांचा झोत जेवढ्या भागावर पडतो त्याची) मोजणी पक्की करायची. इथली चूक पुढे कोणालाही दिसत नाही, कारण सगळ्यांचे आकडे तिच्यावरच उभे असतात. फ्रान्समधल्या तुलूझ शहरात २००६ ते २००७ या वर्षभरात १४५ रुग्णांना जास्त डोस गेला. कारण काय, तर स्टिरिओटॅक्टिक मशीनचं छोटं फील्ड मोजायला त्या फील्डच्या मानाने फार मोठा डिटेक्टर वापरला होता. मोठ्या चेंबरला (चेंबर हा डिटेक्टरचाच एक प्रकार) छोट्या फील्डचा फक्त मधला माथा दिसत नाही, आजूबाजूचा उतारही त्याच्या सरासरीत येतो. त्यामुळे तो डोस कमी दाखवतो, आणि आपण मशीनकडून जास्त मागून घेतो.

नेहमीच्या ०.६ सीसी फार्मर चेंबरची पोकळी साधारण २४ मिलिमीटर लांब असते. २ सेंटिमीटरच्या फील्डमध्ये ती मावतसुद्धा नाही. हे कागदावर आकृती काढून दाखवा; मी तर टेक्नॉलॉजिस्टनाही दाखवते. पिनपॉइंट चेंबर, डायोड, मायक्रोडायमंड यांपैकी निदान दोन वेगळ्या डिटेक्टरांनी मोजा आणि आयएईएच्या (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या) २०१७ सालच्या टीआरएस-४८३ या नियमावलीमधले करेक्शन लावा. आपले आकडे दुसऱ्या सेंटरच्या तशाच मशीनच्या आकड्यांशी ताडून पाहा. भाभा अणुसंशोधन केंद्राकडून टपालाने येणाऱ्या टीएलडी (डोस नोंदवणारे छोटे डिटेक्टर) ऑडिटमध्ये भाग घ्या, पण तो नेहमीच्या फील्डचा पाया तपासतो. छोट्या फील्डची हमी त्यातून मिळाली असं समजू नका.

रोजची कवायत म्हणजे विन्स्टन-लुट्झ टेस्ट. टंगस्टनची छोटी गोळी आयसोसेंटरवर (सगळे झोत जिथे एकमेकांना छेदतात त्या बिंदूवर) ठेवायची आणि गॅन्ट्री (मशीनचा फिरता हात), कॉलिमेटर (झोताला आकार देणारा भाग), काऊच (रुग्णाचं टेबल) फिरवून फोटो घ्यायचे. गोळीचा मध्य आणि फील्डचा मध्य यांतला फरक १ मिलिमीटरच्या आत हवा. सीबीसीटीचा (उपचाराच्या मशीनवरच घेतलेल्या सीटी स्कॅनचा) मध्य आणि बीमचा मध्य यांचीही तशीच जुळणी तपासायची. एसबीआरटीच्या दिवशी ही टेस्ट टेक्नॉलॉजिस्टने करावी आणि फिजिसिस्टने सही करावी, असा माझा आग्रह असतो. ज्याच्या हाताने गोळी ठेवली जाते, त्याला एक मिलिमीटर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

सिम्युलेशन: अर्धा उपचार इथेच होतो

सिम्युलेशन म्हणजे रुग्णाला उपचाराच्याच स्थितीत झोपवून प्लॅनिंगसाठी स्कॅन घेणं. पहिला रुग्ण कसा निवडायचा ते आधी ठरवा. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा लहान, फुफ्फुसाच्या कडेला असलेली, मुख्य श्वासनलिकांपासून २ सेंटिमीटरपेक्षा दूर. त्या मधल्या पट्ट्यात तीन फेऱ्यांचा जबर डोस दिल्यावर गंभीर त्रास वाढतो, हे इंडियानातल्या टिमरमन यांच्या गटाने २००६ मध्येच दाखवलं होतं. अशा गाठींसाठी फेऱ्या वाढवून डोस सौम्य करतात, पण तो नवशिक्या टीमचा धडा नव्हे. आपल्याकडे आणखी एक अडचण म्हणजे जुन्या टीबीचे डाग. पेट स्कॅनवर चमकलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. बायोप्सीचा रिपोर्ट फाइलमध्ये नसेल तर सिम्युलेशनची तारीख द्यायची नाही, हे रिसेप्शनवरच्या व्यक्तीलाही माहीत असू द्या.

मग खांदे. दोन्ही हात डोक्यावर घेऊन चाळीस मिनिटं पडून राहता येईल का, हे ओपीडीतच बघायचं. सत्तरीतल्या माणसाचा खांदा आखडलेला असतो, पण तो डॉक्टरांसमोर "जमतंय की" म्हणतो आणि टेबलावर विसाव्या मिनिटाला हात खाली घेतो. टीममधल्या प्रत्येकाने एकदा तरी स्वतः व्हॅक्युम कुशनमध्ये चाळीस मिनिटं पडून पाहावं. माझी बारा मिनिटांतच बोटं बधिर झाली होती. त्या दिवसापासून आमच्या मोल्ड रूममध्ये कोपराखाली जादा आधार यायला लागला.

श्वासाचा सराव रुग्णाच्या बोलीत घ्या. मशीनमधली रेकॉर्ड केलेली इंग्रजी-हिंदी सूचना बंद करा. "दम धरा" म्हटलं तर काही जण थांबून वाट बघतात, कारण त्यांच्या बोलण्यात त्याचा अर्थ धीर धरा असाच असतो. "श्वास आत घ्या... आता तिथेच थांबवा... सोडा" हे बहुतेकांना कळतं. सिम्युलेशनच्या आदल्या दिवशी नर्सने पंधरा मिनिटं हा सराव करून घ्यायचा. घरी रोज दोनदा करायला सांगायचं आणि सोबतच्या नातेवाइकालाही शिकवून ठेवायचं.

फोर-डी सीटीत एका श्वासाचे साधारण दहा टप्पे करून गाठ प्रत्येक टप्प्यात कुठे आहे ते दिसतं. टेक्नॉलॉजिस्टला इथे दोन गोष्टी यायला हव्यात: श्वासाचा आलेख वेडावाकडा असेल तर स्कॅन पुढे न रेटणं, आणि डायफ्रॅमच्या कडेला पायऱ्या-पायऱ्या दिसल्या तर स्कॅन बिघडलाय हे ओळखणं. गाठ ५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल, तर पोटावर दाबपट्टी, श्वास रोखणं किंवा गेटिंग (श्वासाच्या ठरावीक टप्प्यातच बीम देणं) यांचा विचार करायचा. तीनही पद्धती एकदम विकत घेऊ नका. एक निवडा आणि तीच दहा वेळा करा.

कंटूरिंगचा तास

एकच स्कॅन, तीन डॉक्टर, तीन संगणक, आणि एकमेकांकडे न बघता स्कॅनवर गाठीच्या कडेने रेषा काढायची, हेच कंटूरिंग. मग तिन्ही रेषा एकावर एक ठेवा. २ सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याभोवती कोणी फक्त २ मिलिमीटर जास्त सैल रेषा काढली, तर आकारमान ४.२ सीसीवरून ७.२ सीसीवर जातं. पाऊणपटीच्या आसपास वाढ! बहुतेक वेळा भांडण विंडोचं (पडद्यावरच्या चित्राच्या उजेड-काळोखाच्या सेटिंगचं) असतं: एकाने लंग विंडोवर काढलेलं, दुसऱ्याने मिडियास्टायनल (छातीच्या मधल्या मऊ भागांसाठीच्या) विंडोवर. विंडोचे आकडे ठरवून भिंतीवर लावा. मुख्य श्वासनलिका, अन्ननलिका, ब्रेकियल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं), बरगड्यांची भिंत, मज्जारज्जू यांच्या रेषा दर वेळी त्याच क्रमाने, त्याच नावांनी काढायच्या. नावात एक अक्षर बदललं की प्लॅनिंगचा टेम्प्लेट ती रेषा उचलत नाही आणि मर्यादा तपासायची राहून जाते.

गाठीभोवती किती मोकळी जागा सोडायची, हे दुसऱ्यांच्या पेपरातून उचलू नका. सुरुवातीला ५ मिलिमीटर ठेवा. मग स्वतःच्या रुग्णांच्या जागेत पडणाऱ्या फरकाची मोजमापं साठवा आणि व्हॅन हर्क यांच्या सूत्रात घाला: रुग्णागणिक पडणाऱ्या कायमच्या फरकाची अडीचपट, अधिक रोजच्या रोज बदलणाऱ्या फरकाची ०.७ पट. पहिला १ मिलिमीटर आणि दुसरा दीड असेल, तर उत्तर साडेतीनच्या आसपास येतं. साडेतीन आलं म्हणून लगेच मार्जिन कमी करायची घाई मात्र नको. सात-आठ रुग्णांवरून काढलेल्या सरासरीवर माझा भरवसा नाही.

प्लॅनिंगबद्दल इथे थोडक्यात सांगते, कारण ते बाहेर चांगलं शिकवलं जातं. एआरओआय आणि एस्ट्रो (किरणोपचार तज्ज्ञांच्या भारतातल्या आणि युरोपातल्या संघटना) यांचे कोर्स आहेत, टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी जाऊन बसता येतं. पेन्सिल बीमचं जुनं अल्गोरिदम (डोसचा हिशेब करायची पद्धत) फुफ्फुसात वापरायचं नाही. अवयवांच्या डोस-मर्यादांचा तक्ता एएपीएमच्या (अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टच्या संघटनेच्या) टीजी-१०१ अहवालावरून छापून घ्या. मज्जारज्जूची कमाल मर्यादा त्यात तीन फेऱ्यांना २१.९ ग्रे आणि पाच फेऱ्यांना ३० ग्रे आहे. तक्त्यात फेऱ्यांच्या संख्येचा स्तंभ रंगाने वेगळा करा. पाचचा आकडा तीनच्या प्लॅनला लावला जाणं ही या कामातली सगळ्यांत सोपी घोडचूक आहे.

कन्सोलवरची नजर

सगळ्यांत जास्त शिकवण्याची गरज असते टेक्नॉलॉजिस्टला, आणि सगळ्यांत कमी शिकवलं जातं तेही त्यालाच. डॉक्टर परिषदांना जातात, फिजिसिस्टला कंपनी बोलावते, आणि ज्याच्या बोटाखाली बीमचं बटण असतं तो "बघून बघून शिकेल" म्हणून सोडून दिलेला असतो. माझ्या वेळापत्रकात म्हणूनच निम्मे तास सीबीसीटीचे असतात.

जुन्या रुग्णांचे तीसेक सीबीसीटी नावं काढून एका फोल्डरात ठेवा. नेहमीच्या फेऱ्यांचे असले तरी चालतील. प्रत्येक टेक्नॉलॉजिस्टने एकट्याने मॅच करायचं (आजचा स्कॅन प्लॅनिंगच्या स्कॅनवर जुळवायचा) आणि शिफ्ट (टेबल किती सरकवायचं ते आकडे) वहीत लिहायच्या. डॉक्टर आणि फिजिसिस्ट यांनीही तेच करायचं. आकडे समोरासमोर ठेवले की पहिल्या दिवशी हसू येतं, कारण डॉक्टरांचे आपसांतही जुळत नाहीत. सलग दहा केसेसमध्ये तिन्ही दिशांना फरक २ मिलिमीटरच्या आत आला, की तो टेक्नॉलॉजिस्ट पास.

फोल्डरात सापळे हवेतच. एक असा, ज्यात ऑटोमॅच एक मणका वरखाली चिकटलंय. चित्र सुंदर जुळलेलं दिसतं, बरगड्यासुद्धा जवळपास बसतात, आणि निशाणा दोन-अडीच सेंटिमीटर सरकलेला असतो. मणके एकमेकांसारखेच दिसतात, म्हणून नजर दर वेळी वरच्या टोकाच्या फुफ्फुसाकडे आणि श्वासनलिकेच्या फाट्याकडे न्यायची सवय लावा. दुसरा सापळा: हाडं अचूक जुळलीत, पण गाठच ८ मिलिमीटर खाली उतरलीय, कारण आज रुग्णाचा श्वास वेगळा आहे. तिसरा: गाठीशेजारच्या फुफ्फुसाचा भाग दबून पांढरा झालाय आणि गाठीची कडाच हरवलीय. चौथा: छातीत नवं पाणी. शेवटच्या दोन्हींत बरोबर उत्तर "शिफ्ट" नसतंच. बरोबर उत्तर "डॉक्टरांना बोलवा" हे असतं.

गाठ सीबीसीटीत धूसर का दिसते, हेही समजावून सांगा. गॅन्ट्रीला एक फेरा मारायला साधारण मिनिट लागतं. तेवढ्यात रुग्णाचे पंधराएक श्वास होतात, म्हणजे चित्रात गाठ नाही, गाठीच्या येरझारा दिसतात. तो धूसर डाग श्वासभराच्या हालचालीच्या रेषेत बसवायचा असतो, एका क्षणाच्या रेषेत नाही. एवढं कळलं की टेक्नॉलॉजिस्ट चित्राशी भांडणं सोडून ते वाचायला लागतो.

क्रम पाठ करून घ्या: हाडांवर ढोबळ मॅच, मग मऊ भागावर हाताने, मग गाठ रेषेच्या आत आहे ना, मग मज्जारज्जू, मग काऊच हलवणं आणि पुन्हा स्कॅन. शिफ्ट १ सेंटिमीटरपेक्षा जास्त किंवा फिरकी ३ अंशांपेक्षा जास्त आली, तर टेबल हलवून विषय मिटवायचा नाही. आत जाऊन रुग्णाला पुन्हा नीट झोपवायचं. सिक्स-डी काऊच (सरकण्याबरोबर तिन्ही बाजूंना कलणारं, फिरणारं टेबल) आळशीपणा लपवायला फार सोयीचा असतो. वेळेचंही भान हवं. चार-साडेचार हजार मॉनिटर युनिट (मशीनमधून निघणारे किरण मोजायचं माप) साध्या बीमने द्यायला सात-आठ मिनिटं लागतात, एफएफएफने (मधला फिल्टर काढलेल्या वेगवान बीमने) तीन-साडेतीन. त्यापुढे वेळ गेला तर मध्येच पुन्हा एक सीबीसीटी घ्यावा.

"थांबा" म्हणायची तालीम

फँटम (रुग्णाऐवजी ठेवायचा मोजणीचा पुतळा) घेऊन पूर्ण नाटक करा: सिम्युलेशन, कंटूर, प्लॅन, क्यूए (प्लॅनची तपासणी), मॅच, बीम. माणसं तीच, फॉर्म तेच, सह्या त्याच. फँटममध्ये मोजलेला डोस प्लॅनपासून ३ टक्क्यांच्या आत आला तर मी खूश असते. ५ च्या वर गेला तर पहिल्या रुग्णाची तारीख रद्द.

मग दुसरं नाटक, ज्यात वरिष्ठ डॉक्टर मुद्दाम चुकतात. चुकीचा मॅच मान्य करतात आणि म्हणतात, "हं, घ्या." कोण थांबवतं ते पाहा. एका ठिकाणी तीन टेक्नॉलॉजिस्टना चूक दिसली होती आणि तिघेही गप्प राहिले. नंतर विचारल्यावर एक जण म्हणाला, "सरांनी बघितलंय म्हटल्यावर..." आपल्याकडे "सर, जरा बघता का?" हे वाक्य इतकं मऊ असतं की सरांना ते ऐकूच येत नाही. म्हणून आम्ही शब्द ठरवला: "थांबा." हा शब्द कोणीही उच्चारला, शिकाऊ मुलाने उच्चारला तरी, बटणावरचा हात निघतो. कारण नंतर विचारायचं. आणि थांबवणारा चुकीचा निघाला, तरी त्याला चारचौघांत बोलायचं नाही. हे डॉक्टरांकडून आधीच कबूल करून घ्या.

चेकलिस्ट मराठीत लिहा. फ्रान्समधल्याच एपिनालमध्ये २००४-०५ साली प्रोस्टेटच्या वीसहून अधिक रुग्णांना जादा डोस गेला. तिथे सॉफ्टवेअरचा पडदा इंग्रजीत होता, वापरणाऱ्यांना त्यांच्या भाषेतलं मॅन्युअल नव्हतं आणि वेजच्या (झोताची तीव्रता एका बाजूला कमी करणाऱ्या पाचरीच्या) प्रकारात गफलत झाली. आपल्याकडे पडदा इंग्रजीच राहणार. पण त्यातल्या प्रत्येक इशाऱ्याचा अर्थ आणि तो आल्यावर काय करायचं, हे मराठीत लिहिलेला कागद कन्सोलवर चिकटवता येतो. तो कागद टेक्नॉलॉजिस्टनाच लिहायला सांगा. कुठला इशारा आजवर न वाचता "ओके" होत होता, ते तेव्हाच बाहेर येतं.

पहिले रुग्ण आणि त्यानंतर

पहिल्या पाच रुग्णांना डॉक्टर आणि फिजिसिस्ट प्रत्येक फेरीला कन्सोलवर हजर राहतील. पुढच्या पाचांना पहिल्या फेरीला तर नक्कीच. रोज दोनच्या वर एसबीआरटी नको, आणि स्लॉट पाऊण तासाचा ठेवा, मागे रांग असली तरी. दर शुक्रवारी अर्धा तास आठवड्यातल्या चुकामुकींची नोंद वाचायची: उशीर, परत घेतलेला स्कॅन, चुकीचं कुशन उचललं गेलं, कितीही क्षुल्लक असो. नोंदीत नाव लिहायचं नाही, फक्त काय झालं ते. सुरुवातीला वही कोरी राहते. तेव्हा फिजिसिस्टने पहिली नोंद स्वतःच्या चुकीची करावी. मी केली होती. पुढच्या शुक्रवारी चार नोंदी आल्या.

माणसं सोडून जातील. शिकवलेला टेक्नॉलॉजिस्ट वर्षभरात पुण्याला, मुंबईला किंवा आखातात जातो, याचं वाईट वाटून घेऊ नका. फोल्डर तयार ठेवा आणि नव्याला तीस केसेसपासून सुरू करा. तीन महिने एसबीआरटी न केलेल्या जुन्यालाही पुन्हा दहा केसेस. नियम एकच: कन्सोलवर पास झालेले दोन टेक्नॉलॉजिस्ट नसतील, तर त्या दिवशी एसबीआरटी नाही. तीन फेऱ्या दीड ते दोन आठवड्यांत बसवायच्या असतात आणि दोन फेऱ्यांत निदान चाळीस तास लागतातच, त्यामुळे एक दिवस पुढे ढकलायला जागा असते. रुग्ण मात्र एसटीने तीन तास प्रवास करून येणार असतो. म्हणून "उद्या या" हा फोन सकाळी सात वाजता, तो घरातून निघायच्या आधी जायला हवा. आणि तो फोन फिजिसिस्टने करावा, टेक्नॉलॉजिस्टवर ढकलू नये.